शहदाबचा शांतपणा

बुधवारी सकाळी फरामर्झने बहिणीचे, तूबाचे, शेअर विकायला काढले आणि बाजार बंद होईपर्यंत ते विकले गेले नाहीत. झालं होतं एवढंच. असं रोज हजारोंचं होत असेल. त्या वर्षीच्या आझर महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, तर अर्धं तेहरान काही ना काही विकायला काढून बसलं होतं. पण शहदाब साखर कारखान्याचा शेअर विकला जाणार नाही, हे फरामर्झच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला वाटलं, नेट गेलं असेल. त्याने कोपऱ्यातला नेटचा डबा बंद करून चालू केला, वर दोन चापट्याही मारल्या. समोरच्या टेबलावर फोन घेणारी महलका मास्क हनुवटीवर ओढून बघत होती. ती म्हणाली, "मोहंदेस, त्याला मारून काय होणार? बिचारा गेल्या महिन्यापासून आजारी आहे. त्याचीपण टेस्ट करून घ्या." त्या ऑफिसात कुणालाही मोहंदेसच म्हणायची पद्धत होती, खऱ्या इंजिनियरला आणि नसलेल्यालाही. नेट चालू होतं. बाकीच्या कंपन्यांचे भाव हलत होते, बहुतेक खालीच, पण हलत होते. फक्त शहदाबच्या नावाखाली विकणाऱ्यांची एक रांग होती, लांबच लांब, आणि तिच्या शेपटाला तूबाचे शेअर उभे होते. घेणाऱ्यांच्या बाजूची चौकट कोरी होती. फरामर्झ त्या कोऱ्या चौकटीकडे बघत राहिला. भिंतीवरून एखादी तसबीर काढली की मागे उरतो, तसा तो चौकोन त्याला वाटला.

शहदाबचं नाव त्यानेच तूबाला दिलं होतं. उन्हाळ्यात. तेव्हा सगळं शहर शेअर घेत होतं. टॅक्सीवाले सिग्नलला एकमेकांना विचारत, आज काय घेतलंस. न्हावी कात्री थांबवून मोबाईल बघत. तूबा आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवत आलेली बाई, तिला यात रस नव्हता. पण घराची अनामत तिच्या हातात आली होती. गुर्गान रस्त्यावरचा त्यांचा भाड्याचा मजला मालकाला मुलाच्या लग्नासाठी हवा होता. त्याने अनामत आधीच परत केली आणि हिवाळ्याच्या तोंडाशी जागा सोडा म्हणून सांगितलं. ती रक्कम नुसती ठेवली तर महागाईत विरघळून जाणार, आणि हिवाळ्यात त्याच भागात नवीन जागा घ्यायची तर तेवढीच, खरं तर थोडी जास्तच, मालकाच्या हातावर ठेवावी लागणार. त्याच भागात, कारण हॉस्पिटल तिथे होतं. तूबाचा नवरा यदुल्ला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा, चालत, कोपऱ्यावरच्या रोटीच्या भट्टीपाशी एकदा टेकून. अनामत नसेल तर शहराबाहेर परंदला जावं लागलं असतं. तिथून दर खेपेला आजारी माणसाला आणायचं कसं, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. तूबा फोनवर म्हणाली होती, "हे बघ, मला वर उडणारा नको. सगळे उडतायत ते बघून मला चक्कर येते. जो गप बसून राहील असा एखादा सांग." आणि फरामर्झला मनातून आनंद झाला होता. असाच प्रश्न विचारणारं कुणीतरी यावं म्हणून जणू तो तीन वर्षं वाट बघत होता.

कारण तीन वर्षांपूर्वी त्याने तो प्रोग्रॅम लिहिला होता. स्टेशनरीच्या दुकानावर चार खोल्यांत चालणारी त्यांची कंपनी वर्गणीदारांना शेअरबाजाराची माहिती विकायची, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी एक यादी पाठवायची: सगळ्यांत शांत शेअर, क्रमवारीने. ती यादी फरामर्झच्या प्रोग्रॅममधून निघायची. त्याने बाजाराचे दहा वर्षांचे भाव उतरवून घेतले होते, एकेका कंपनीचे, एकेका दिवसाचे. मग एक ओळ लिहिली होती. आजचा भाव भागिले कालचा भाव, वजा एक. हा त्या दिवसाचा परतावा. असे सगळ्या दिवसांचे परतावे काढायचे, त्यातले मागच्या तीन महिन्यांचे एकमेकांपासून किती लांब पसरलेत ते मोजायचं, आणि ज्याचा पसारा सगळ्यांत कमी तो सगळ्यांत शांत. त्या ओळीवर त्याचं प्रेम होतं, दुसरा शब्द नव्हता. बायको वेगळी होऊन कराजला गेली त्या हिवाळ्यात त्याने ती लिहिली होती. घरात कुणी बोलणारं नव्हतं तेव्हा लाखो भाव त्या एका ओळीतून सरकताना तो बघत बसायचा, आणि त्याला वाटायचं की जगातली निदान एक गोष्ट आपल्याला मुळापासून कळलेली आहे. माणसं काय म्हणतात, संचालक काय थापा मारतात, वर्तमानपत्रं काय छापतात, यातलं काही त्या ओळीत शिरत नव्हतं. फक्त भाव. भाव खोटं बोलत नाही असं तो महलकाला सांगायचा, आणि महलका म्हणायची, "मग भावाशीच लग्न करा, मोहंदेस. भांडणार तरी नाही."

उन्हाळ्यात शहदाब यादीत वर चढत चालला होता, आणि बाजार कोसळल्यावर तर पहिला आला. बाकीचे शेअर रोज पाच टक्के खाली येत होते, त्याहून जास्त उतरायला कायद्याने बंदी होती म्हणून पाचच. शहदाब मात्र केसभर उतरायचा. दुसऱ्या दिवशी आणखी केसभर. तूबा घाबरून फोन करायची आणि तो सांगायचा, "आबजी, तुझा बघ, हललाही नाही." तिला तो लहानपणापासून आबजी, म्हणजे ताई, म्हणायचा. ती म्हणायची, "देव तुझं डोकं असंच ठेवो," आणि फोन ठेवल्यावर त्याला आपली पाठ ताठ झाल्यासारखी वाटायची.

आता बुधवारी दुपारी, महलका डबा उघडून भात खात असताना, त्याने शहदाबची मूळ फाईल उघडली. भावाचा रकाना त्याला पाठ होता. त्याच्या शेजारी दुसरा एक रकाना होता, त्या दिवशी किती शेअर विकले गेले त्याचा. हा रकाना प्रोग्रॅमने कधी वाचला नव्हता, कारण फरामर्झने त्याला वाचायला सांगितलं नव्हतं. उन्हाळ्याच्या शेवटापासून त्या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हतं. नुसता धूळ बसल्यासारखा रकाना. आणि मग त्याला तो नियम आठवला, जो त्या बाजारातल्या पोरासोरांनाही माहीत होता आणि त्यालाही होताच: दिवसात ठरावीक संख्येचे शेअर विकले गेले नाहीत, तर दिवसाचा शेवटचा भाव पुरता उतरवत नाहीत. जेवढे विकले गेले तेवढ्याच प्रमाणात उतरवतात. मूठभर विकले गेले तर केसभर. म्हणजे शहदाब उतरत नव्हता तो शांत होता म्हणून नव्हे. तो कुणी घेतच नव्हतं. माणसं पाच टक्के कमीने द्यायला तयार होती, रोज सकाळी रांगेत उभी राहत होती, संध्याकाळी तशीच घरी जात होती, आणि सरकारी कागदावर भाव जागच्या जागी बसून होता. त्याच्या ओळीने हे सगळं वाचलं होतं आणि म्हटलं होतं, शांत. कारखाना बंद पडला असता, जळून गेला असता, तरी तिने हेच म्हटलं असतं. रांग जितकी लांब, घेणारे जितके कमी, तितका शेअर शांत. मेलेला शेअर सगळ्यांत शांत.

हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या मनात आकडे आले नाहीत. फरीद आला. फरीद सगळ्यांत धाकटा भाऊ, अडीच वर्षांचा, सब्जेवारच्या त्या लहानपणच्या घरात, जिथे उन्हाळ्यात चुन्याचा वास सुटायचा. तापाने आठवडाभर रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. मग एका सकाळी तो रडायचा थांबला. आई न्हाणीतून बाहेर आली आणि कानोसा घेऊन म्हणाली, "आज बरा दिसतोय. शांत निजलाय. उठवू नका रे कुणी." फरामर्झ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला हायसं वाटलं होतं, कारण आता अंगणात आवाज न करता का होईना खेळता आलं असतं. तो पाय न वाजवता खोलीच्या दारावरून दोनदा गेला. फरीदची एक मूठ चादरीबाहेर होती. माशी येऊन त्या मुठीवर बसली आणि बसूनच राहिली, हे त्याने पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुढे गेला होता. शेजारच्या गावाहून कापड घेऊन परतलेली तूबा आत गेली, तिने पोराच्या तळपायाला चिमटा काढला आणि आईला हाक मारली. ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "आई, हा झोपलेला नाहीये." फरामर्झला वर्षानुवर्षं त्या माशीचं स्वप्न पडायचं नाही, उलट ती जागेपणी दिसायची, कुठेही, वाण्याच्या दुकानात, गणिताच्या तासाला. आपण पाहिलं होतं. पण आपल्याला कुणी माशीकडे बघायला सांगितलं नव्हतं.

त्याने फाईल खाली सरकवली. विकल्या गेलेल्या शेअरांच्या त्या सपाट रकान्यात मधूनमधून लहानसे उंचवटे होते. शनिवारी. दर शनिवारी सकाळी कुणीतरी थोडेथोडे शहदाब घेत होतं, रविवारी कमी, सोमवारी संपलं. शनिवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, आणि त्याआधी शुक्रवार. शुक्रवारी यादी जाते. त्याने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. शहदाबला या सगळ्या देशात घेणारे असतील तर ते हेच होते: त्याची यादी वाचणारे, पहिलं नाव बघणारे, वर पाच टक्के स्वस्त मिळतोय म्हणून खूष होणारे. यादी दुरुस्त केली की ते येणार नाहीत. ते आले नाहीत की तूबाचे शेअर त्या रांगेत उभेच राहणार. कधीपर्यंत, हे कुठल्याच ओळीतून निघालं नसतं. महलका डबा धुऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही जेवला नाहीत. कुणी गेलं का?" त्या दिवसांत हा प्रश्न साधेपणाने विचारला जायचा. तो म्हणाला, "नाही. कुणी नाही."

गुरुवारी बाजार बंद. दुपारी तो गुर्गान रस्त्यावर बहिणीकडे गेला. दारातच तूबा म्हणाली, "तिथेच थांब. बूट काढ, हात धू, मग तोंड उघड." शाळा बंद असल्याने आता ती गणवेशांऐवजी मास्क शिवायची, शिवणयंत्राभोवती निळ्या चिंध्यांचा ढीग होता. आतल्या खोलीतून यदुल्लाचा आवाज आला. "आला का आमचा बाजारवाला? काय म्हणतोय आमचा साखर कारखाना? डॉक्टरने सगळं बंद केलं, साखरच तेवढी ठेवलीय मला. जपून ठेव म्हणावं." तो पलंगावर टेकून बसला होता, मनगटाजवळ पट्टी, आणि हातात निम्माच भरलेला चहाचा बारका पेला. दिवसाला तेवढाच मिळायचा. तो लगेच पीत नसे. आधी नुसता नाकाशी धरून बसायचा, मग निवत आला की एकेक घोट. "घरमालकाचा मुलगा येऊन गेला," तो म्हणाला. "पडद्यांची मापं घेऊन गेला. मी पलंगावर, आणि तो माझ्या डोक्यावरून टेप धरतोय. म्हटलं बाबा, माझंपण घे, पुढेमागे लागेल." तूबा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तोंड आवर." यदुल्ला हसला, आणि हसताना पेला सांडू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

फरामर्झ स्वयंपाकघरात गेला. तूबा बटाट्यांचं पाणी बदलत होती. यदुल्लासाठी बटाटे कापून पाण्यात भिजत घालावे लागायचे, ते पाणी टाकायचं, पुन्हा भिजवायचे, तेव्हा कुठे त्यातलं वाईट निघून जायचं. "आबजी, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"विकले गेले नाहीत, कळलं. तुझं तोंड दारातच सांगत होतं."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. ओळ सांगितली, न वाचलेला रकाना सांगितला, नियम सांगितला. तिने मध्ये एकदाही समजलं नाही असं म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे घेणारा कुणी नव्हता, म्हणून भाव बसून होता. आणि तुझं मशीन म्हणालं, बघा किती गुणी पोर."

"हो."

"आणि शनिवारी जे घेतात ते कोण?"

"आमची यादी वाचणारे."

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

"उद्या तू यादी थांबवलीस तर?"

"तर शनिवारी कुणी येणार नाही. पुढच्याही नाही."

तिने चाळणी आपटून पाणी झटकलं. आतून यदुल्लाच्या खोकण्याचा आवाज आला, तिने मान तिरकी करून तो ऐकला, नेहमीचाच आहे ना ते तपासलं आणि मान पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "तू मला हे कशाला सांगितलंस?"

"तुला माहीत असावं म्हणून."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी. लहानपणी काच फोडलीस की आधी माझ्याकडे यायचास. मी आईला सांगायचे, वाऱ्याने फुटली. आजही तुला वारा हवाय." तिचा आवाज चढला नव्हता. "गुपचूप विकून टाकले असतेस, पैसे आणून दिले असतेस, मी तुला दुवा दिल्या असत्या. आता मी काय म्हणू? थांबव म्हणू? मग याला परंदहून पाठीवर घालून आणू? की चालू दे म्हणू, म्हणजे उद्या देवापुढे तू म्हणशील, आबजी हो म्हणाली होती."

"मग मी काय करू?"

"बटाटे उकळत ठेव. मी त्याच्या गोळ्या देऊन येते."

त्याने बटाटे उकळत ठेवले. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे जमत होते, सुटत होते. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. उलट आता ते दोघांच्या मध्ये ओट्यावर ठेवल्यासारखं होतं, आणि दोघंही त्याला हात न लावता वावरत होते. जेवताना तूबाने त्याच्या ताटात तीनदा वाढलं. निघताना ती दारापर्यंत आली, त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता, कॉलरकडे बघत म्हणाली, "शनिवारी लवकर ऊठ."

शुक्रवारी यादी आपोआप जायची. कुणाला काही करावं लागत नसे. थांबवायची असेल तरच करावं लागे. फरामर्झ दुपारपासून घरातच होता. त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला, दुसराच. बाजारात सकाळी साडेआठला विकण्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात होते आणि जो पहिला पोचेल तो रांगेत पहिला उभा राहतो. त्यासाठी लोक आपापल्या मशीनला शिकवून ठेवतात की ठोका पडायच्या आधीपासूनच दार वाजवत राहा, म्हणजे ते उघडताक्षणी तुम्ही आत. अशा माणसांना तो आजवर हसत आला होता. आता त्याने तेच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. संध्याकाळी यादी जायची वेळ झाली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून समोरच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाईकडे बघत होता. ती एकेक कपडा झटकून, नाकाला लावून, वाळला की नाही बघत होती. शेवटचा कपडा काढून ती आत गेली. यादी गेलेली होती. आपण काहीच केलं नाही, असं तो स्वतःला सांगू पाहत होता, आणि ते खरंच होतं, म्हणूनच ते मनाला चिकटत नव्हतं.

शनिवारी त्याची ऑर्डर रांगेत पहिली लागली. मागे ती सगळी रांग. बाजार उघडला आणि घेणाऱ्यांच्या कोऱ्या चौकटीत लहान लहान आकडे यायला लागले. दोनशे. पाचशे. आठशे. एकेक आकडा यायचा आणि तूबाचे तेवढे शेअर गळून पडायचे. फरामर्झ चहा न पिता बसला होता. दर आकड्यामागे एक माणूस आहे, हे त्याला माहीत होतं, पण आकड्याला तोंड नसतं, आणि त्याला अचानक कळलं की आयुष्यभर आपण या कामावर प्रेम केलं ते त्यासाठीच. अकराच्या सुमाराला वेग मंदावला. तूबाच्या शेअरांचा तिसरा हिस्सा अजून बाकी होता. चौकट पुन्हा कोरी झाली आणि तशीच राहिली. त्याला यदुल्ला दिसला, एका अनोळखी बसच्या खिडकीशी, मनगट छातीशी धरून.

तेव्हा महलकाने फोनवर हात ठेवून त्याला हाक मारली. "मोहंदेस, बिरजंदहून एक काका आहेत. ज्याने यादी केली त्याच्याशीच बोलायचंय म्हणतात. मला म्हणाले, पोरी, तू गोड बोलतेस, पण मला हिशेबवाला दे."

त्याने फोन घेतला. म्हातारा आवाज, पूर्वेकडचा, शब्द ओढून बोलणारा. आधी त्याने फरामर्झची, त्याच्या घरच्यांची, आई-वडिलांची तब्येत विचारली. वडील नाहीत म्हटल्यावर त्यांच्यासाठी दुवा मागितली. मग म्हणाला, "मी खुदादाद बोलतोय. बांधकाम खात्यात होतो, आता घरीच. जावयाने तुमची वर्गणी भरून दिलीय. या उन्हाळ्यात दुसऱ्या एका शेअरमध्ये माझी पार कातडी सोलली गेली, काय सांगू. उरलंय ते तुमच्या पहिल्या नंबरवर टाकावं म्हणतोय. शहदाब. आज तर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?"

"आम्ही सल्ला देत नाही," फरामर्झ म्हणाला. "तशी परवानगी नाही आम्हाला. आम्ही फक्त हिशेब करतो."

"बरोबर, बरोबर. सल्ला नकोच. मी एवढंच विचारतो, हिशेब नीट केलाय ना? मशीनची काही चूक नाही ना? तुम्ही स्वतः बघितलंय?"

फरामर्झच्या समोर ती कोरी चौकट होती. महलका पेन्सिलने टेबलावर ताल धरत होती. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि ते वाक्य तयार होतं, तोंडात होतं, त्याची चवही लागत होती. आजचा भाव भागिले कालचा भाव, वजा एक. दहा वर्षांचा एकेक दिवस. त्यात खरोखरच कुठे चूक नव्हती.

"हिशेब बरोबर आहे," तो म्हणाला. "मी स्वतः बघितलाय."

"झालं तर मग. देव तुमचे हात धरो," म्हातारा म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी मागे कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आला, "अगं, माणूस सरळ आहे."

काही वेळाने चौकटीत एक आकडा आला, सकाळपासूनचा सगळ्यांत मोठा. तूबाचे उरलेले सगळे शेअर त्याने एका घासात घेतले आणि तरी थोडी भूक उरली, ती मागच्या कुणाच्या तरी शेअरांनी भागली. फरामर्झने बहिणीला फोन लावला. "संपले," तो म्हणाला. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज थांबला. तिने कितीला गेले विचारलं नाही. कुणी घेतले विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली, "मी दलालाला सांगते, ती जागा धरून ठेव म्हणून." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं, फोन अजून चालू असतानाच.

मग त्याने मूळ प्रोग्रॅम उघडला आणि शेजारचा रकानाही वाचायला सांगितलं. ज्या दिवशी पुरेसे शेअर विकले गेले नाहीत, तो दिवस हिशेबात धरू नकोस. एक ओळ. लिहायला इतका कमी वेळ लागला की आपलं काहीतरी राहिलं असं वाटून त्याने ती पुन्हा वाचली. यादी नव्याने काढली. शहदाब पहिल्या पानावर नव्हता, दुसऱ्यावर नव्हता. हिशेब करायला पुरेसे दिवसच नसलेल्या कंपन्यांबरोबर तो पार शेवटी, क्रमांकाशिवाय पडला होता. बाजार बंद व्हायला थोडा वेळ होता. रांग आता सकाळपेक्षा लांब झाली होती आणि घेणाऱ्यांच्या चौकटीत काही नव्हतं.

तो हात धुऊन आला तेव्हा महलका डबा उघडत होती. "त्या बिरजंदच्या काकांचा परत फोन आला होता," ती म्हणाली. "घेतले म्हणे. तुमचं पूर्ण नाव विचारत होते. संध्याकाळी दर्ग्यात जाणार आहेत, तुमच्या नावाने दुवा मागायला."

फरामर्झ उभाच राहिला. "सांगितलंस?"

"सांगितलं की," महलका म्हणाली. "आईचंही नाव विचारलं त्यांनी, दुवा आईच्या नावाने मागितली की पोचते म्हणे. ते मला माहीत नव्हतं, तर म्हणाले, विचारून ठेव, मी पुन्हा फोन करतो." तिने चमचा पुसला आणि त्याच्याकडे बघितलं. "काय नाव तुमच्या आईचं, मोहंदेस?"